फिरते बिऱ्हाड आणि बाजारगावांची बोली

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण सहसा कीव करण्याच्या सुरात वापरतो. बोलींच्या अभ्यासकाने तिच्याकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहावे, असे सुचविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. निजण्याची, स्वयंपाकाची व लिहिण्याची सोय जिच्यात असते अशी मोटार, म्हणजे जिला कॅम्परव्हॅन म्हणतात ती, आपल्याकडे हौशी प्रवाशांची वस्तू मानली जाते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले तेही पर्यटकांपुरतेच. गेल्या हिवाळ्यात अशी एक गाडी भाड्याने घेऊन प्रस्तुत लेखक दोन विद्यार्थ्यांसह देगलूरच्या आसपासच्या बाजारगावांतून हिंडला. त्या फिरतीत क्षेत्रकार्याच्या पद्धतीविषयी जे ध्यानात आले ते येथे नमूद करीत आहे.

देगलूरच का, असे कोणी विचारील. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. परंतु हैदराबाद संस्थान त्या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर ठेवलेले होते, आणि देगलूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पुढे डॉ. अमृत माधव घाटगे यांनी १९६३ पासून मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी माला सिद्ध केली, तीत दक्षिण कानड्यातील कोकणी, कुडाळी, महाडची कुणबी, काणकोणची कोकणी, ठाण्याची वारली, कासारगोडची मराठी अशी नावे आढळतात. मालेचा रोख मुख्यतः किनाऱ्याकडे होता व ते साहजिकही होते. खाड्या आणि डोंगर यांनी गावे एकमेकांपासून तुटली की त्यांच्या बोलींचे वेगळेपण चटकन कानी पडते. मराठवाड्याच्या पठारावर असे तोडणारे फारसे काही नाही. उलट गावांना एकत्र आणणारा आठवडी बाजार आहे. अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून ध्वनिमुद्रणे जमवून मोठेच काम केले आहे. तथापि साऱ्या महाराष्ट्राचा पट मांडताना सीमेवरील एका तालुक्याच्या वाट्याला जागा ती किती येणार?

आणि हा तालुका साधा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही दोन सर्कले आंध्र प्रदेशास जोडली गेली आणि उरलेला तालुका मुंबई राज्यात आला. शेजारचे औराद बीदर जिल्ह्याबरोबर म्हैसूर राज्यात गेले, उदगीर इकडे आले. बिचकुंदा-जुक्कलचा मुलूख २०१४ पासून तेलंगणात, व २०१६ पासून कामारेड्डी जिल्ह्यात आहे. एकाच तालुक्यातील मुलांपैकी काही मराठी शाळेत गेली, काही तेलुगू शाळेत. त्यांच्या आजोबांपैकी जे शिकले ते बहुधा उर्दूत शिकले होते, कारण निजामी राज्याची कारभाराची भाषा उर्दू होती. आठवडी बाजाराला मात्र पुनर्रचनेचा कायदा कोणी वाचून दाखविला नसावा. त्याची गिऱ्हाइके पूर्वीच्याच वाटांनी येत राहिली.

आता गाडीच्या उपयोगाकडे वळू. आपला अभ्यासक गावी जातो तेव्हा उतरतो कोठे? शिक्षकाच्या घरी, सरपंचाच्या वाड्यावर, नाहीतर देवळाच्या ओवरीत. यजमान भला असतो, परंतु पाहुणा कोणाकडे उतरला यावर त्याच्याशी कोण बोलणार आणि कसे बोलणार हे ठरून जाते. वाड्यावर उतरलेल्या माणसाशी गावकुसाबाहेरील वस्तीतील म्हातारी मोकळेपणाने बोलेल ही अपेक्षाच चुकीची आहे. स्वतःचे अंथरूण आणि स्वतःची चूल बरोबर असली म्हणजे आपण कोणाचेच पाहुणे नसतो. शिवाय देगलूरास रेल्वे नाही. उदगीर, मुखेड, बिलोली, धर्माबाद, सीमेपलीकडील मदनूर, प्रत्येक ठिकाणचा बाजाराचा वार वेगळा, आणि व्यापारी या वारांच्या क्रमाने फिरतो. त्याच्यामागून त्याच क्रमाने फिरावयाचे तर मुक्काम हलता हवा.

गाडीचा त्रासही सांगितला पाहिजे. पहिल्या दोन दिवशी ती औषधांची, मग कोणत्या तरी योजनेची समजली गेली, आणि लोक आपापली कागदपत्रे घेऊन आले. त्यांनी आमच्याशी जी मराठी वापरली ती अर्जातली मराठी होती. ती ध्वनिमुद्रणे बाजूला ठेवावी लागली. तेव्हापासून गाडी बाजाराबाहेर, परवानगी घेऊन, एखाद्या झाडाखाली उभी करावयाची व पायी आत जावयाचे असा नियम केला.

बाजारात जे ऐकू येते ते फार मोलाचे असते, पण ते काय आहे हे नीट ओळखले पाहिजे. बिचकुंद्याकडून आलेली एक भाजीवाली आमच्या देखत मराठीत भाव सांगत होती, शेजारच्या बांगडीवाल्याशी दखनीत थट्टा करीत होती आणि पैसे मोजताना पुटपुटत होती ती तेलुगूत. माणसाची घरची भाषा हुडकावयाची असेल तर तो मोजतो कशात व लेकराला रागावतो कशात हे पाहावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. येथे त्याचा पडताळा आला. बांगडीवाल्याच्या दखनीतला ‘नक्को’ मूळचा आपला ‘नको’, आणि ‘मैंच’, ‘वहीच’ यांतील ‘च’ही मराठीचाच. उलट दिशेने आलेले ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ आता इतके घरचे झाले आहेत की ते द्राविडी आहेत हे सांगावे लागते. जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील, ‘कुपवार’ या नावाने वर्णिलेल्या गावाविषयी १९७१ साली जे दाखविले, की शब्द आपापल्या भाषेचे राहतात आणि वाक्याचा साचा मात्र कानडी, मराठी व उर्दू यांत जवळजवळ एक होतो, त्याची आठवण अशा वेळी पदोपदी होते. गुरांच्या बाजारात तर भाषाच थांबते. जुने दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून सौदा करतात, आणि देवणी किंवा लाल कंधारी बैलाचे मोल शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही.

परंतु बाजारातील बोलणे हे समोरच्याला सांभाळून घेणारे बोलणे असते, गावाची बोली नव्हे. एक उदाहरण पुरे आहे. ‘काय करतो आहेस’ या अर्थी लातूर-उदगीर भागात ‘काय करूलालास’ असे म्हणतात, तर मराठवाड्यात इतरत्र ‘काय करायलास’ हे रूप सर्रास ऐकू येते. देगलूरच्या मोंढ्यात ही दोन्ही रूपे एकाच आडतीवर, कधी एकाच हमालाच्या तोंडी, आम्ही ऐकली. त्यावरून नकाशावर रेघ ओढू गेल्यास ती मोंढ्यातूनच जाईल, आणि ती खोटी असेल. रेघ कोठे आहे हे पाहावयाचे तर बाजार उठल्यावर माणसांबरोबर त्यांच्या गावी गेले पाहिजे.

फिरत्या बिऱ्हाडाचा खरा लाभ मला तेथे वाटतो. भाजीवालीच्या टोपल्या आम्ही गाडीत घातल्या व तिला घरी पोचविले. रात्री तिच्या दारासमोरच मुक्काम केला. तिचे सासरे उर्दू शाळेत शिकलेले. ज्याने १९४८ पूर्वी दहाव्या वर्षापर्यंत त्या शाळेत अक्षरे गिरवली तो आज नव्वदीच्या घरात आहे, हे आपल्या विभागाने लक्षात घ्यावे. उन्हाळ्याची वाट पाहण्यासारखी ही गोष्ट नव्हे. म्हातारबुवांनी महसुली कारभारातील ‘गिरदावर’ आणि ‘पेशकार’ यांची खडान्खडा माहिती दिली, नातवाशी तेलुगूत बोलले, आणि दिवा मालवण्यापूर्वी सुनेला विचारले, “ते पाव्हणे जेवले का?” ते वाक्य मराठी होते. आमच्यासाठी म्हणून ते मराठीत विचारले, की त्या घरात सून-सासऱ्यांत तीच चालते, हे ठरविण्यासाठी आम्ही तेथे आणखी तीन दिवस राहिलो. तीच चालत होती.