वेबसाइटची घडण (लेखांक ७) : एआय प्लगिन आणि संपादकाची नजर

वर्डप्रेसवर चालणाऱ्या वेबसाइटमध्ये एआय सहसा प्लगिनच्या वाटेने येते. २००३ साली सुरू झालेल्या या प्रणालीत मे २००४ मधील १.२ आवृत्तीपासून प्लगिनची सोय आहे. मूळ प्रणालीला हात न लावता तिच्यात नव्या कामाची भर घालणारा जोडप्रोग्रॅम म्हणजे प्लगिन. फॉर्म, फोटो गॅलरी किंवा ऑनलाइन दुकानासाठी प्लगिन बसवतात, तसेच आता सारांश, शीर्षकांचे पर्याय, भाषांतर आणि चित्रवर्णन यांसाठी एआय प्लगिन बसवले जातात.

यांतले बहुतेक प्लगिन स्वतः काही लिहीत नाहीत. ते निरोप्याचे काम करतात. संपादकाने सारांशाचे बटण दाबले की प्लगिन लेखाचा मजकूर आणि सोबतची सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, एआय सेवेच्या सर्व्हरकडे पाठवतो. तिथले मॉडेल उत्तर तयार करते आणि प्लगिन ते आणून चौकटीत भरतो. अनेक प्लगिनना त्यासाठी एपीआय की, म्हणजे एआय सेवेच्या खात्याशी जोडलेली गुप्त किल्ली, द्यावी लागते. ही की दुसऱ्याच्या हाती पडली, तर त्याने केलेल्या वापराचे बिल मूळ खातेदाराच्या नावावर चढते. म्हणून की कोणालाही ईमेलने पाठवू नये आणि सेवेच्या खात्यात सोय असेल तर महिन्याच्या खर्चाला मर्यादा घालून ठेवावी.

बिल बहुधा टोकनवर, म्हणजे मजकुराच्या लहान तुकड्यांवर ठरते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट जागा घेते. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून ५ चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट. शिवाय मॉडेलच्या प्रशिक्षणात इंग्रजी मजकूर कितीतरी जास्त असतो. त्यामुळे तोच आशय मराठीत मांडताना साधारणपणे अधिक टोकन खर्ची पडतात. मराठी वेबसाइटने खर्चाचा अंदाज आपल्याच दहा-वीस लेखांवर चाचणी घेऊन बांधावा.

कामाची निवड करताना एक कसोटी उपयोगी पडते : यंत्राची चूक किती लवकर नजरेत येते? या कसोटीवर चित्रवर्णन सर्वांत सोयीचे. फोटोला जोडलेला हा मजकूर, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, स्क्रीन रीडर अंध वाचकाला वाचून दाखवतो. दिवे घाटातल्या पालखीचा फोटो दिला तर प्लगिन लिहील, ‘पारंपरिक पोशाखातील लोकांची गर्दी रस्त्यावरून चालत आहे.’ यात खोटे काही नाही, पण वारी हरवली. संपादक तेच वाक्य ‘ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढताना, पुढे टाळकरी आणि तुळस घेतलेल्या महिला’ असे करतो. फोटो समोरच असल्याने ही दुरुस्ती मिनिटभरात होते आणि न पाहणाऱ्या वाचकालाही तो प्रसंग कळतो.

सारांश तपासायला मूळ लेख शेजारी ठेवावा लागतो. भाषांतर तपासायला दोन्ही भाषांची जाण लागते. अख्खा लेखच यंत्राकडून लिहून घेतला, तर प्रत्येक नाव, सन आणि आकडा बाहेरच्या साधनांवरून पडताळावा लागतो. कारण मॉडेल नसलेली माहितीही तितक्याच ठाम सुरात लिहिते. अशी पडताळणी करायला माणूस नसेल तर ते काम प्लगिनवर सोपवू नये.

यंत्राचा मजकूर थेट प्रसिद्ध होऊ न देता ड्राफ्टमध्येच थांबवावा. वर्डप्रेसमध्ये ‘काँट्रिब्युटर’ या भूमिकेतल्या व्यक्तीला लिहिता येते, पण प्रसिद्ध करता येत नाही. ती परवानगी वरच्या भूमिकांना असते. प्लगिनलाही हाच नियम लावावा. प्रत्येक पोस्टच्या जुन्या आवृत्त्या प्रणाली जपून ठेवते, त्यामुळे बिघडलेला मजकूर मागे नेता येतो.

बटण दाबताच मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो, हेही ध्यानात ठेवावे लागते. वाचकांचे फोन नंबर, रुग्णांची माहिती किंवा अप्रकाशित कागदपत्रे प्लगिनच्या चौकटीत टाकू नयेत. प्लगिन बसवण्यापूर्वी त्याचे शेवटचे अपडेट कधी झाले ते पाहावे, बॅकअप घ्यावा आणि आधी वेबसाइटच्या चाचणी प्रतीवर तो चालवून पाहावा. पुढे प्लगिन बंद केला, तरी पोस्टमध्ये जतन केलेले सारांश आणि ऑल्ट टेक्स्ट साधारणपणे जागेवर राहतात. चॅटसारख्या त्या क्षणी उत्तर देणाऱ्या सोयी मात्र थांबतात.