कात्रीचा मान

साड्याच्या कापडाला पहिली कात्री लागते तेव्हा गोव्यात अंगणात फटाके वाजतात. लग्नाला अजून अवकाश असतो. ओसरीवर बसलेला शिंपी लाल कापड उलगडतो, खडूने रेघ ओढतो, आणि घरचे-दारचे एकेक करून नाणी टाकतात. ते पैसे शिंप्याचे. चर्चच्या वेदीपुढे नवरी पांढऱ्या गाऊनमध्ये उभी राहणार. हा लाल साडो त्यानंतर अंगावर चढणार. मंगळूरकडच्या कॅथलिक घरांत साडो म्हणजे लाल साडी. गोव्यात तो शिवलेला असतो, म्हणून तिथे कात्री आली, आणि कात्रीबरोबर शिंप्याचा मान आला.

आपल्या लग्नांत भटजींचा मान असतो, मामाचा असतो, करवलीचा असतो, चुडा भरणाऱ्या कासाराचाही असतो. बस्ता बांधायला सगळं घर दुकानात जाऊन बसतं. पण त्या बस्त्यातलं कापड बेतणारा हात लग्नाच्या विधीत बसवलेला मला दुसरीकडे कुठे सापडला नाही. मी शिवणाऱ्यांच्या घरात वाढले. मशीनच्या पायडलखाली खेळलेल्या पोरीला अशा गोष्टीचा नाद लागला तर तो सुटत नाही. ‘हे कुठून आलं’ म्हणून मी जिथे जिथे शोधत गेले, तिथे शेवटी एकाच कागदापाशी येऊन थांबले. तो कागद १७३६ सालचा आहे.

त्याआधी आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या कुंभारवाड्याबद्दल सांगायला हवं. रामनगरहून जोयडा मागे टाकून कारवारकडे निघालं की अणशीच्या आधी कुंभारवाडा लागतो. भोवती काळी नदीचं खोरं आणि वाघांचं राखीव जंगल. इथले कुणबी आपले पूर्वज पोर्तुगीज अमदानीत गोव्यातून घाट चढून आले असं पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. कुणबी बाईचं जुनं नेसणं म्हणजे आखूड चौकड्याचं लुगडं आणि खांद्यावर गाठ. त्यात सुईदोऱ्याचं कामच नाही. याच जोयडा तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला कॅसलरॉक आहे. १८८० च्या दशकात मुरगावहून आलेली पोर्तुगीज रेल्वे तिथे ब्रिटिश हिंदुस्थानच्या रेल्वेला मिळाली आणि जंगलातलं ते स्टेशन दोन राज्यांमधला नाका झालं. एका तालुक्यात न शिवलेल्या लुगड्याचं लग्नही आहे आणि शिवलेल्या गाऊनचंही. दोन्हींचं मूळ शोधत गेलं की वाट घाटाखाली उतरते.

आता तो कागद. १४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायासनाने, एक फर्मान काढलं. ते मराठी माणसापर्यंत पोचलं अ. का. प्रियोळकरांमुळे. प्रियोळकर १९५१ साली कारवारच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. त्यांचा ‘द गोवा इन्क्विझिशन’ हा ग्रंथ १९६१ मध्ये आला. वाचणारे त्यात कोठड्या, खटले, जाळण्याच्या शिक्षा शोधतात, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र त्यातल्या या फर्मानापाशी अडकले. कारण हे फर्मान देवळांविषयी कमी आणि लग्नघराविषयी जास्त बोलतं.

ख्रिस्ती झालेल्यांनी लग्नात काय काय करायचं नाही, याची ती यादी आहे. हिंदू वाजंत्री बोलवायचे नाहीत. सोयऱ्यांकडे फुलं आणि विड्याची पानं-सुपारी धाडायची नाही, उघडपणे नाही आणि चोरूनही नाही. तांदूळ कांडणं, मसाला वाटणं, वडे तळणं यांचे सोहळे करायचे नाहीत. नवरा-नवरीला हळद, तेल, नारळाचं दूध लावायचं नाही. कोकणी ओव्या म्हणायच्या नाहीत. घराभोवती तुळस ठेवायची नाही. हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायचा नाही. आणि माझी बोटं जिथे थांबली ते कलम: पुरुषांनी पुडवें, म्हणजे आपलं धोतर, नेसायचं नाही आणि बायकांनी चोळी घालायची नाही.

ही यादी लिहिणाऱ्याने लग्नघर आतून पाहिलं आहे. उखळापाशी कोण बसतं, हळद कोण लावतं, ओव्या कुठे म्हणतात, हे सगळं त्याला ठाऊक आहे. कुणीतरी शेजारचं, घरातलं, बसून सांगितल्याशिवाय परक्या पाद्र्याला भातात मीठ नसल्याचं कसं कळेल? मला या फर्मानाची भीती वाटते ती याच बारकाईमुळे. हे काम माहितगार माणसाचं आहे. आणि १५६० मध्ये आलेल्या न्यायासनाला १७३६ मध्येही हे सगळं लिहून बंद करावं लागलं, याचा अर्थ पावणेदोनशे वर्षं घरोघर हे सगळं चालूच होतं.

चोळी हे जातीचं, धर्माचं, माहेराचं चिन्ह होतं. मराठी बाईच्या अंगावर शिवून चढणारं पूर्वीचं वस्त्र बहुतेक तेवढंच. बाकी सगळं नेसायचं. ते काढून घ्यायचं म्हणजे दुसरं काहीतरी शिवून द्यायला हवं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पुढे पानो-बाजू रूढ झाला: कमरेला गुंडाळलेला पानो, वर सैल बाजू, खांद्यावर पांढरा तुवाळो. मांडो नाचताना तो आजही दिसतो. मखमलीवर नाहीतर सॅटिनवर जरीचं काम केलेला बाजू मलायाकडच्या वेशाशी नातं सांगतो. समुद्रापलीकडचे व्यापार आणि राज्यकर्ते ज्या वाटेने आले त्याच वाटेने तोही आला असणार. चोळीवर बंदी घालणाऱ्यांनी शिंप्याच्या हातचं काम उलट वाढवूनच ठेवलं.

फर्मानाचं पुढे काय झालं हे आजच्या लग्नात बघावं. नारळाचं दूध आहे. रोसच्या दिवशी ते नवरीच्या डोक्यावर ओततात. हळद गोव्यात बहुधा गेली. ओव्यांना मनाई होती, पण लग्नाच्या झोती म्हणणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. चुडा आहे, मामाच्या घरी भरायचा. आणि लाल रंग आहे, साड्याच्या रूपात. साडो त्या यादीत मी शोधला. कांडणाचं कलम आहे, तळणाचं आहे. शिंप्याच्या कात्रीचं कलम मला त्यात दिसलं नाही. माझं मत सांगते, पुरावा म्हणून नाही. उखळ, तुळस, हळद हे सगळं ‘हिंदू’ म्हणून ओळखता येत होतं. कापड कापून बाईसाठी झगा शिवणं हे उलट ख्रिस्ती सभ्यतेचं लक्षण मानलं जात होतं. नाणी, आहेर, लाल रंग, नवरीचं कौतुक, हे सगळं मग त्या एका शिंप्याभोवती जाऊन बसलं. शिंप्याच्या आडून लग्नघराने आपला सोहळा वाचवला.

हे फर्मान प्रियोळच्या घरांना लागू नव्हतं, हेही इथे सांगून ठेवते. प्रियोळ फोंडा महालात, आणि फोंडा पोर्तुगिजांकडे गेला १७६३ मध्ये. त्याआधी तो सोंद्याच्या राजाचा मुलूख. सोंदे शिरसीजवळ, उत्तर कन्नडमध्येच. म्हणजे ज्या गावाने या कागदाचा अभ्यासक दिला ते गाव त्या कागदाच्या हद्दीबाहेर होतं, आणि त्या गावाची राजधानी आमच्या घाटावर होती. तिकडे उत्तरेला, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या कॅथलिकांवरची पोर्तुगीज सत्ता संपली. फर्मानाला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. वसई-मुंबईच्या ख्रिस्ती बायका पुढे कितीतरी काळ लुगडंच नेसत राहिल्या आणि घरात मराठी बोलत राहिल्या. १८८७ मध्ये त्या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं, तरीही लुगडं सुटलं नाही. वसईकडे आज गाऊन शिवणाऱ्या बायका घरोघर आहेत. पण तिथल्या आजीच्या पेटीत लुगडं सापडतं, गोव्यातल्या आजीच्या पेटीत बाजू.

पांढरा गाऊन या सगळ्यात फार उशिरा आलेला पाहुणा. १० फेब्रुवारी १८४० ला व्हिक्टोरिया राणीने लग्नात पांढरं सॅटिन आणि हॉनिटनची लेस घातली, आणि तिची नक्कल जगभर झाली. ती लेस डेव्हनच्या बायकांनी हातांनी विणली होती. मला त्याहून आवडतं ते पुढचं. राणीने ती लेस टाकून दिली नाही. वर्षानुवर्षं ती वेगवेगळ्या पोशाखांवर लावून वापरली, आणि १८८५ मध्ये धाकट्या लेकीला, बिॲट्रिसला, लग्नात घालायला दिली. २०२० साली त्याच नावाच्या दुसऱ्या राजकन्येने आपल्या आजीचा, एलिझाबेथ राणीचा जुना गाऊन बाह्या जोडून, अल्टर करून लग्नात घातला. राजवाड्यात हे चालतं, आणि आपल्याकडे मात्र ‘जुना गाऊन अल्टर केलाय’ हे सांगायला मुलीच्या आईला संकोच वाटतो.

अल्टर करणं नवं शिवण्यापेक्षा अवघड आहे, हे शिवणारी कुठलीही बाई सांगेल. कुंभारवाड्यात मी एका अक्कांकडे बसून पाहिलं. त्या वर्षभर ब्लाउज, शाळेचे गणवेश, पडदे शिवतात; हंगामात रामनगर-कॅसलरॉककडून गाऊन येतात. समोर बहिणीचा गाऊन, धाकटीला छातीत दोन इंच कमी. अक्कांनी तो उलटा केला आणि सगळ्यात आधी अस्तर चाचपलं. ‘‘मार्जिन बघते गो,’’ म्हणाल्या, ‘‘रेडीमेडवाले काही ठेवत नाहीत.’’ बाजूच्या शिवणीत पाव इंच निघाला. मग पाठीची चेनच उसवून काढायची, दोन्ही कडांना सॅटिनच्या तिरक्या पट्टीचे लूप बसवायचे, मधून रिबन ओवायची आणि आतून त्याच रंगाचा एक पट्टा लावायचा. म्हणजे तीन-चार इंचांची सोय होते, आणि लग्नाच्या दिवशी जेवणानंतर सैलही करता येतं.

उंची कमी करायची तर खालून कापायचं नाही, कारण खाली लेस आहे. लेस हाताने उसवून घ्यायची, आतला थर कमी करायचा, लेस पुन्हा बसवायची, तीही हाताने. नेटचे थर नुसते कात्रीने उतरवता येतात, नेटचे दोरे सुटत नाहीत. सॅटिनला मात्र टाचणीचं भोक राहतं, म्हणून टाचणी फक्त मार्जिनमध्ये. सुई अकरा नंबरची, नवी. बोथट सुईने सॅटिनचा धागा ओढला जातो. माप घेताना नवरीने लग्नात घालायच्या सँडल पायात घालूनच उभं राहायचं. अक्कांनी मुलीला सांगितलं, ‘‘चालून दाखव बाई, अन् आईला वाकून पाया पड.’’ मुलगी वाकली तेव्हा पाठीची शिवण ताणली, आणि तिथे अक्कांनी खडूची खूण केली. आरशासमोर ताठ उभं राहून घेतलेल्या मापात ही जागा कधीच सापडली नसती.

या कामाला हंगामाची शिस्त आहे. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, आणि नाताळाआधीच्या आगमनकाळात लग्नं सहसा होत नाहीत. सगळी गर्दी मग नाताळानंतर लेंट सुरू होईपर्यंत, आणि पुढे एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्यात या भागात पांढऱ्या कापडाला बुरशीचे डाग पडतात. गाऊन सुती पंच्यात गुंडाळून ठेवायचा, प्लास्टिकमध्ये कधीच नाही.

शिवणाऱ्याचा मान साड्याच्या दिवशी जेवढा आहे तेवढा पुढे टिकला का? याची सर्वांत कडू नोंद मला गोव्यात सापडली नाही, ती नैरोबीत सापडली. पूर्व आफ्रिकेत गेलेल्या गोवेकरांत सरकारी कारकून होते, तसे शिंपीही पुष्कळ होते. कारकुनांनी जिमखाना काढला, गोवन इन्स्टिट्यूट काढली. शिंप्यांना तिथे प्रवेश नव्हता. ज्यांनी शिवलेला सूट अंगावर घालून हे लोक नाचाला जात, त्यांनाच त्या हॉलच्या दारात उभं राहायला मनाई! शिंप्यांनी मग सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नावाने आपली स्वतःची संस्था काढली. गोव्याच्या गावांतली जात आगबोटीतून त्यांच्याबरोबर तिकडे गेली होती. मला याचा राग येतो, आणि तो आवरावा असंही वाटत नाही. नामदेवांना शिंपी म्हणून ओळखणाऱ्या, त्यांच्या पायरीवर डोकं ठेवणाऱ्या आपल्या मुलखालाही हा प्रश्न विचारता येईल.

फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ‘मोडा गोवा’ या २०१२ च्या पुस्तकात गोव्याच्या पेहरावाचा इतिहास मांडला आणि विसरत चाललेलं कुणबी लुगडं पुन्हा मागावर आणलं. ते २०२० मध्ये गेले. त्यांचं काम फार मोठं आहे. माझी मागणी त्यापुढची आहे. जुन्या गाऊनखाली, बाजूखाली संग्रहालयात नेसणारीचं घराणं लिहिलेलं असतं. शिवणारीचंही नाव लिहावं, आणि नाव मिळत नसेल तर निदान गाव लिहावं. आतल्या शिवणी बघून हात ओळखता येतो. कुणी उसवलं, कुणी पुन्हा शिवलं, तेही दिसतं.

आणि दराचं बोलायला हवं. नव्या गाऊनची शिलाई लोक मुकाट्याने देतात, अल्टरसाठी घासाघीस करतात: ‘‘नुसतं थोडं घट्ट करायचंय.’’ त्या ‘थोडं’मध्ये लेस उसवणं, चेन काढणं, अस्तर वेगळं करणं, दोन वेळा माप आणि रात्रीची हातशिलाई असते. अक्कांनी यंदा दर बदलला. आधी गाऊन उलटा करून बघतात, किती तास लागतील ते बोलतात, आणि निम्मे पैसे आगाऊ घेतात. दोन गिऱ्हाइकं गेली. बाकीची जानेवारीत परत आली, एक जण तर बरोबर साड्याचं लाल कापडही घेऊन आली.