बैल आणि सिंहाचं नाणं

युरोपात सर्बिया नावाचा देश आहे. तिथे डॅन्यूब नदीजवळ रोमन लोकांचं विमिनासियम नावाचं ठाणं होतं. नदी म्हणजे त्यांच्या राज्याची शीव. पलीकडे परके लोक, म्हणून सातवी पलटण कायम तिथं असे. एका पलटणीत सुमारे पाच हजार शिपाई! एवढ्या लोकांना बाजार लागणारच. पगार चांदीच्या नाण्यांत होई, पण भाजी-भाकरीला मोड नको का?

इ. स. २३९ मध्ये गॉर्डियन तिसरा या बादशहाने विमिनासियमला वसाहतीचा मान दिला आणि मग तिथंच काशाची नाणी पडू लागली. हा बादशहा २३८ साली गादीवर बसला तेव्हा फक्त तेरा वर्षांचा होता. आणि इ. स. २४४ मध्ये लढाईवर असताना वारलासुद्धा.

तांबे, कथील आणि शिसे वितळवून चकत्या करत. खाली एक ठसा, मध्ये चकती, वर दुसरा ठसा, आणि हातोड्याचा दणका! म्हणून काही नाण्यांवर चित्र एका बाजूला सरकलेलं दिसतं. मला तीच जास्त आवडतात. मोठं नाणं आजोबांकडच्या जुन्या मोठ्या रुपयाएवढं असे.

एका बाजूला बादशहाचं तोंड. दुसऱ्या बाजूला एक बाई उभी, तिच्या एका हाताला बैल आणि दुसऱ्या हाताला सिंह. बाई म्हणजे मोएसिया प्रांत. बैल ही सातव्या पलटणीची खूण, सिंह ही चौथ्या पलटणीची. चौथी पलटण आज जिथं बेलग्रेड शहर आहे तिथं राहायची.

खाली वर्ष लिहिलेलं असतं. उभी रेघ म्हणजे १, फुली म्हणजे १०. फुली दिसली की दहावं वर्ष, म्हणजे इ. स. २४८-४९. सुमारे २५५ सालापर्यंत ही नाणी निघाली. तेवढ्यात सहा-सात बादशहा बदलले, पण बाई, बैल आणि सिंह तेच राहिले!

इ. स. ४४१ मध्ये हूणांनी ते ठाणं मोडलं. आता तिथं बरीचशी शेतं आहेत. खणताना घराच्या जमिनीवर दहाव्या वर्षाचं नाणं मिळालं, तर त्या वर्षी किंवा नंतर तिथं माणसं वावरत होती हे कळतं. पण कुणी ते नाणं गुपचूप उचलून विकलं, तर घराचं वय कसं कळणार?

आपल्याकडेही १८७८ सालचा कायदा आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरसाहेबांना कळवावं लागतं. हे मी मुद्दाम पालकांसाठी लिहिलं आहे, कारण नांगर तेच धरतात.