मतदारयादी, नागरिकत्व आणि आपली कागदपत्रे

आपल्या अनेक घरांत एकाच छपराखाली नागरिक झालेले वडील, ग्रीन कार्डावर असलेली आई किंवा आजी, आणि आपण नागरिक आहोतच असे गृहीत धरणारा कॉलेजातला मुलगा राहत असतात. मतदार नोंदणीचा अर्ज या तिघांच्याही हाती सारख्याच सहजपणे येतो. त्यावरील एका चुकीच्या सहीचे परिणाम मात्र फार महाग पडू शकतात. म्हणून नागरिकत्वाची पडताळणी कशी होते, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावे.

अर्ज आणि शपथ

१९९३ च्या 'मोटर व्होटर' कायद्याने बहुतेक राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्स काढताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना मतदार नोंदणीची सोय झाली. संघराज्याच्या अर्जावर नागरिक असल्याच्या खुणेखाली शपथपूर्वक सही करावी लागते; त्यासोबत पासपोर्ट किंवा जन्मदाखला जोडावा लागत नाही. ॲरिझोनाने २००४ साली असा पुरावा सक्तीचा केला, परंतु २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी निर्णय दिला की, संघराज्याच्या अर्जावर राज्याला जादा पुरावा मागता येणार नाही. कॅन्ससच्या तशाच कायद्यामुळे ३० हजारांहून अधिक लोकांची नोंदणी अडली. २०१८ मध्ये फेडरल न्यायालयाने तो रद्द केला. मार्च २०२५ मध्ये अध्यक्षांनी पुरावा सक्तीचा करण्याचा आदेश काढला, त्यालाही त्याच वर्षी न्यायालयांनी मनाई केली.

पडताळणी आणि तिच्यातील चुका

अर्जासोबत पुरावा घेतला जात नसल्याने पुष्कळ राज्ये नंतर याद्यांची ताडणी करतात. मतदारयादी लायसन्स खात्याच्या नोंदींशी जुळवून पाहिली जाते, किंवा इमिग्रेशन खात्याच्या 'सेव्ह' या यंत्रणेला विचारणा होते. ही यंत्रणा मुळात सरकारी लाभांची पात्रता तपासण्यासाठी होती. २०२५ पासून तिच्यात सोशल सिक्युरिटी क्रमांकावरूनही शोध घेता येतो.

अडचण जुन्या नोंदींची असते. ग्रीन कार्ड दाखवून लायसन्स घेतले, दोन वर्षांनी नागरिकत्वाची शपथ घेतली, मतदार म्हणून नाव नोंदवले. पण लायसन्स खात्याच्या दफ्तरी आपण परदेशीच राहतो. टेक्ससमध्ये २०१९ च्या जानेवारीत नेमके हेच झाले. सुमारे ९५ हजार मतदारांची 'संशयित' यादी निघाली आणि काही दिवसांतच त्यांतील हजारो लोक रीतसर नागरिक असल्याचे उघड झाले. एप्रिलमध्ये राज्याने तडजोड करून ती मोहीम थांबवली. फ्लोरिडात २०१२ साली सुमारे १ लाख ८० हजार नावांपासून सुरू झालेली यादी गळत गळत दोनशेच्या आत आली.

आपल्या नावांचा घोळ वेगळाच. पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले, लायसन्सवर फक्त आद्याक्षर, लग्नानंतर बदललेले आडनाव: संगणकाला ही तीन वेगळी माणसे वाटू शकतात.

मुलांकडे विशेष लक्ष द्या

२००१ साली अंमलात आलेल्या कायद्यानुसार मूल १८ वर्षांखालील, ग्रीन कार्डधारक आणि नागरिक पालकाच्या ताब्यात येथेच राहणारे असेल, तर आईवडिलांपैकी एकजण नागरिक होताच तेही आपोआप नागरिक होते. परंतु वेगळा अर्ज केल्याशिवाय त्याचे प्रमाणपत्र येत नाही, आणि सरकारी नोंदीत ते ग्रीन कार्डधारकच दिसू शकते. त्या प्रमाणपत्राचे शुल्क तेराशे डॉलरच्या वर आहे. अमेरिकन पासपोर्ट त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आणि नागरिकत्वाचा पूर्ण पुरावा आहे, तो तरी अवश्य काढून ठेवावा.

याउलट, मूल १८ वर्षांचे झाल्यावर आईवडील नागरिक झाले असतील, तर त्याला स्वतःचा अर्ज करावा लागतो. कॉलेजच्या आवारात नोंदणीच्या टेबलावर सही करण्यापूर्वी ही तारीख त्याला नक्की माहीत हवी.

ग्रीन कार्डधारकांसाठी

फेडरल निवडणुकीत नागरिक नसलेल्याने मत देणे हा १९९६ च्या कायद्याने गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बेकायदा मतदान आणि नागरिक असल्याचा खोटा दावा, या दोन्हींमुळे देशाबाहेर काढले जाऊ शकते. नागरिकत्वाच्या अर्जात 'कधी मतदार म्हणून नाव नोंदवले का, मत दिले का' असा स्पष्ट प्रश्न असतो. लायसन्स खात्यातील कारकुनाने अर्ज पुढे केला तरी जबाबदारी सही करणाऱ्याची असते. आजी-आजोबांना हे मराठीतून समजावून सांगावे. चुकून नाव लागलेच असेल, तर ते स्वतः काढायला जाण्यापूर्वी किंवा नागरिकत्वाचा अर्ज भरण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा.

पत्र आले तर

निवडणूक कार्यालयाकडून नागरिकत्वाचा पुरावा मागणारे पत्र आले, तर ते बाजूला ठेवू नका. मुदतीत उत्तर न दिल्यास नाव वगळले जाऊ शकते. पत्र खरे आहे की नाही, हे काउंटी कार्यालयाचा क्रमांक स्वतः शोधून, फोन करून विचारा. पासपोर्टची किंवा प्रमाणपत्राची प्रत द्या, मूळ कागद टपालाने पाठवू नका. हरवलेले प्रमाणपत्र पुन्हा मिळवायला पाचशे डॉलरहून अधिक खर्च येतो. मतदानाच्या दिवशी यादीत नाव नसेल तरी, फेडरल निवडणुकीत 'प्रोव्हिजनल बॅलट' मागण्याचा हक्क २००२ च्या कायद्याने बहुतेक राज्यांत आहे.

शपथविधीनंतर करायच्या गोष्टी

१. सोशल सिक्युरिटी आणि लायसन्स खात्यातील नोंद बदलली आहे याची खात्री करून घ्यावी.
२. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच ठेवावे. बदल असल्यास त्याचा दाखला जपावा.
३. प्रमाणपत्र आणि पासपोर्टच्या प्रती मृत्युपत्र व विम्याच्या कागदांसोबत ठेवाव्यात.
४. भारताचे नागरिकत्व आपोआप संपते, म्हणून महाराष्ट्रातील मतदारयादीतून नाव काढण्यासाठी फॉर्म ७ भरावा. ओसीआय कार्डाने तेथे मताचा हक्क मिळत नाही.

वर्षातून एकदा, प्राप्तिकराचे कागद काढाल तेव्हाच राज्याच्या यादीत आपले नाव शाबूत आहे ना, हेही पाहून घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे, पण ऐन निवडणुकीच्या तोंडावर होणारी धावपळ वाचते.