थबकलेले पाऊल (कंपवात : लेखांक सहावा)

मागील लेखांकात लेवोडोपा या औषधाचा आणि त्याच्या मर्यादांचा विचार आपण केला. त्याने जखडलेले हातपाय सैल पडतात, परंतु व्याधीची वाटचाल थांबत नाही, आणि वर्षे लोटतात तसतसा एकेका मात्रेचा अंमल आखूड होत जातो. औषध जेथे उणे पडते तेथे उपयोगी पडणारी साधने, हा आजचा विषय. आणि त्यांतही ज्या एका लक्षणापुढे औषध पुष्कळदा हतबल ठरते, त्या थिजलेल्या पावलापाशी आपल्याला अधिक वेळ थांबावयाचे आहे.

चालता चालता, बहुधा दाराच्या चौकटीत किंवा वळण घेताना, रुग्णाचे पाय जणू जमिनीला चिकटतात. मन पुढे जाऊ पाहते, धड पुढे झुकते, पावले मात्र जागची हलत नाहीत, आणि त्यातून तोल जातो. घरच्या माणसांना हा हट्ट किंवा आळस वाटतो, हे या व्याधीतील एक मोठे दुःख होय. कारण तोच मनुष्य काही क्षणांनी जिना सहज चढून जातो!

हीच विसंगती पुण्याच्या अभिकल्पक मिलेहा सोनेजी यांनी घरातील एका वडीलधाऱ्या आप्ताच्या बाबतीत बारकाईने पाहिली. सपाट जमिनीवर अडखळणारे पाय पायऱ्यांवर अडखळत नाहीत, तर जमिनीवर पायऱ्यांचे नुसते चित्र अंथरले तर काय होईल, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. चित्र अंथरले, आणि ते गृहस्थ त्यावरून न थबकता चालत गेले. 2015 साली एका व्याख्यानात त्यांनी ही हकीकत सांगितली. चहा सांडू नये म्हणून कड आत वळविलेला पेलाही त्यांनीच घडविला. हात कापला तरी द्रव आतल्या आत परततो, आणि चारचौघांत चहा घेण्याचा संकोच उरत नाही.

यामागील कारण मेंदूच्या रचनेत आहे. चालणे ही क्रिया आपण विचार न करता करतो, कारण मेंदूच्या खोल भागातील काही केंद्रे पावलामागून पाऊल टाकण्याचे हुकूम आपोआप सोडीत असतात. कंपवातात डोपामिन घटल्यामुळे नेमकी ही व्यवस्था ढासळते. परंतु समोर ओलांडण्याजोगी रेघ दिसली की तेच पाऊल हेतुपूर्वक उचलले जाते, आणि हा हुकूम मेंदूतील निराळ्या मार्गाने जातो. चालण्याच्या दिशेला आडव्या असलेल्या रेघांचा हा गुण इंग्लंडचे मज्जाविकारतज्ज्ञ पर्डन मार्टिन यांनी 1967 साली ग्रंथबद्ध केला होता. उभ्या रेघांनी तो परिणाम साधत नाही. काठीतून जमिनीवर लाल प्रकाशरेषा टाकणारी साधने आज मिळतात, त्यांचे तत्त्वही हेच. कानाच्या वाटेनेही हे साधते : एकसारख्या ठेक्यावर पावले सुधारतात, म्हणून भ्रमणध्वनीवरील तालयंत्र जे काम करते तेच घरातील कोणी संथपणे धरलेला टाळही करू शकतो.

माझे मत स्पष्ट आहे : घोटीसारख्या गावी आरंभ महागड्या यंत्राने नव्हे, जमिनीवरील रेघेने व्हावा. भाताच्या गिरण्यांच्या या गावात, इगतपुरी तालुक्याच्या मुसळधार पावसात, फरशी महिनोन् महिने दमट असते, आणि जुन्या घरांना उंबरठे आहेत. म्हणून पाऊल कोठे थिजते याची आठवडाभर नोंद ठेवावी, आणि खाटेपासून मोरीपर्यंतच्या त्या वाटेवर, रुग्णाच्या सुखाच्या पावलाइतक्या अंतराने, फरशीच्या रंगाशी विरोधी रंगाच्या आडव्या पट्ट्या रंगवून घ्याव्यात. सरकणारे कापड वा प्लास्टिक मुळीच अंथरू नये. प्रत्येक रुग्णास याचा सारखाच गुण येतो असे नाही, आणि व्याधी वाढत जाते तशी साधनेही बदलावी लागतात. यास्तव धामणगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील किंवा नाशिकमधील भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली पहिली चाचणी घ्यावी हे उत्तम.

शेवटी एक सरकारी बाब, जिची माहिती फार थोड्या कुटुंबांना असते. दिव्यांगत्व म्हणजे हातपाय गमावणे एवढीच समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने जे 21 प्रकार मान्य केले, त्यांत कंपवाताचा नामनिर्देश आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला मिळाल्यास, उत्पन्नाच्या अटींस अधीन राहून, 1981 पासून चालू असलेल्या केंद्राच्या योजनेतून सहाय्यक साधनांसाठी अर्ज करता येतो. ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घरच्यांनी या दाखल्याचा अर्ज रुग्ण स्वतः सही करू शकतो तोवरच दाखल करावा.