यावत्तावत् आणि कर्जाचा हप्ता

शत्रूचे हत्ती पकडून आणायला एक राजा निघाला. पहिल्या दिवशी तो 2 योजने चालला. पुढे रोज आदल्या दिवसापेक्षा ठरावीक अंतर जास्त चालत 7 दिवसांत त्याने 80 योजनांवरची शत्रूची नगरी गाठली. तर रोजची वाढ किती?

हे उदाहरण भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तले, म्हणजे 1150 च्या सुमाराचे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने, चांगदेवाने, काढलेल्या मठाचा उल्लेख आहे. दहावीची मुले आज ज्याला पहिले पद आणि सामान्य फरक म्हणतात, त्याला भास्कराचार्य आदि आणि चय म्हणत. पदांची संख्या म्हणजे गच्छ आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे सर्वधन. चय काढायचा तर त्याला आधी 'च' असे नाव देऊन टाकू. सात दिवसांच्या मजला 2, 2 + च, 2 + 2च अशा वाढत शेवटी 2 + 6च होतात. सगळ्यांची बेरीज 14 + 21च. ती 80 आहे, म्हणून च = 66/21, म्हणजेच 22/7 योजने. (22/7 दिसले की आपल्याला वर्तुळ आठवते, पण इथे वर्तुळाचा काही संबंध नाही.)

यातले सगळे मर्म त्या नाव देण्यात आहे, असे मला वाटते. जे माहीत नाही त्याच्यापाशी अडून न बसता, ते माहीत असल्यासारखे धरून हिशेब पुढे न्यायचा आणि शेवटी अट लावायची. आपल्या जुन्या बीजगणितात अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे 'जितके असेल तितके'. थोडक्यात 'या'. अज्ञाते अनेक असली तर पुढच्यांना रंगांची नावे मिळत: कालक, नीलक, पीतक.

'लीलावती'तच एक दाता पहिल्या दिवशी 3 द्रम्म देतो, रोज 2 द्रम्म वाढवतो आणि एकूण 360 वाटतो. किती दिवस? इथे गच्छ अज्ञात आहे. दिवसांना 'ग' म्हटले तर रोजच्या दानाची सरासरी ग + 2 येते, म्हणून ग × (ग + 2) = 360. वर्गसमीकरणाची उत्तरे 18 आणि उणे 20 येतात. उणे दिवस दान करता येत नाही, म्हणून 18.

अशा समान फरकाने वाढणाऱ्या श्रेढीत एका उडीत हव्या त्या पदावर पोचता येते. पण काही क्रमांचा नियमच असा असतो, की पुढचे पद मागच्या पदांवरून काढायचे. नारायण पंडितांनी 1356 मध्ये 'गणितकौमुदी'त अशीच एक गाय आणली. ती दरवर्षी एक कालवड देते, कालवड तीन वर्षांची झाली की तीही दरवर्षी विते. यंदा वितात त्या फक्त तीन वर्षांपूर्वी गोठ्यात असलेल्या. म्हणून यंदाची संख्या म्हणजे गेल्या वर्षीची संख्या अधिक तीन वर्षांपूर्वीची संख्या. 1, 2, 3, 4, 6, 9, 13, 19... असे चढत गेले आणि एकही जनावर दगावले नाही, तर 20 वर्षांनी गोठ्यात मूळ गाय धरून 2745 जनावरे होतात.

असाच एक क्रम आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी, कर्जाच्या पासबुकात असतो. 1 लाख रुपये कर्ज, व्याज महिना 1 टक्का. पुढची बाकी म्हणजे मागची बाकी, अधिक तिच्यावरचे व्याज, उणे हप्ता. हप्ता माहीत नाही? त्याला 'ह' म्हणा. पहिल्या महिन्याअखेर बाकी 1,01,000 – ह. दुसऱ्या महिन्याअखेर 1,02,010 – 2.01ह. कर्ज दोन महिन्यांतच फेडायचे असेल तर ही बाकी शून्य हवी, म्हणून ह = 50,751 रुपये 24 पैसे. बारा महिन्यांसाठी हेच बारा पायऱ्या करायचे. हप्ता येतो 8,884 रुपये 88 पैसे आणि वर्षभराचे व्याज सुमारे 6,619 रुपये.

आता तेच कर्ज कुणी 'वर्षाला 12 टक्के फ्लॅट' म्हणून देऊ करतो. फेड चालू असली तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर, म्हणजे 12,000 रुपये. हप्ता 9,333 रुपये. फरक महिन्याला साडेचारशेच्या आसपास, म्हणून सहीच्या वेळी तो डोळ्यांत भरत नाही. पण याच क्रमात या वेळी हप्ता माहीत धरा आणि व्याजदराला 'या' म्हणा. हे समीकरण चटकन सुटत नाही, दर थोडा थोडा बदलत अंदाजाने जवळ जावे लागते. बारा महिन्यांनी बाकी शून्यावर आणणारा दर महिन्याला 1.79 टक्क्यांच्या आसपास निघतो.

वर्षाचे ते साडेएकवीस टक्के होतात. सही करण्यापूर्वी एवढेच विचारा: व्याज मूळ रकमेवर की घटत्या बाकीवर?