व्हिक्टोरिया सरोवराची जलपर्णी आणि तीन शेजारी

उन्हाळ्याच्या आरंभी पुण्यात मुळा-मुठेच्या पुलावरून जाणाऱ्याला एक दृश्य परिचयाचे आहे. नदीचे पाणी दिसत नाही; त्याच्या जागी हिरवेगार मैदान पसरलेले असते आणि त्यावर फिकट जांभळी फुले डोलत असतात. दुरून ते रमणीय वाटते. जवळ गेल्यावर दुर्गंधीने आणि डासांनी जीव नकोसा होतो. ही जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनचे खोरे हे तिचे मूळ घर. फुलांच्या मोहाने माणसानेच तिला देशोदेशी नेले आणि जिथे ती गेली तिथे पाण्यावर तिने आपले राज्य स्थापले.

आपल्याकडे तिने नद्या आणि तलाव व्यापले. पूर्व आफ्रिकेत मात्र तिने तीन देशांच्या सामाईक सरोवराला विळखा घातला. त्या तीन शेजाऱ्यांनी तिच्याशी कसा सामना दिला, त्यात त्यांना यश कुठे आले आणि हिशोब कुठे अपुरा राहिला, हे समजून घेण्याजोगे आहे. ज्या कुटुंबांचे आप्तस्वकीय नैरोबी, मोंबासा किंवा कंपाला येथे व्यापारानिमित्त स्थायिक आहेत, त्यांना तर हे सरोवर परके नाहीच.

सरोवर आणि त्याचे वाटेकरी

व्हिक्टोरिया हे क्षेत्रफळाने जगातील दुसऱ्या क्रमांकाचे गोड्या पाण्याचे सरोवर. त्याचा विस्तार सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर आहे. त्यातील निम्म्याहून किंचित अधिक भाग टांझानियाकडे, सुमारे ४३ टक्के युगांडाकडे आणि अवघा ६ टक्के केनियाकडे. युगांडातील जिंजा येथे या सरोवरातून श्वेत नाईल बाहेर पडते. केनियाच्या काठावर किसुमू हे बंदर आहे. मोंबासाहून निघालेला लोहमार्ग १९०१ साली येथे पोहोचला. तो बांधण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले होते आणि त्या मार्गाच्या कडेकडेने आपल्या देशातील व्यापाऱ्यांची दुकाने आत आतवर पोहोचली. पुढे किसुमू, टांझानियाचे म्वांझा आणि युगांडाचे पोर्ट बेल या बंदरांमध्ये मालाची ने-आण बोटींनी होऊ लागली.

वाटा लहान म्हणून झळही लहान, असा नियम पाण्याला लागू नाही. केनियाकडील विनाम आखात जवळजवळ बंदिस्त आहे. एका अरुंद सामुद्रधुनीवाटेच ते मुख्य सरोवराला जोडलेले आहे. वाऱ्याने आत लोटलेली जलपर्णी तिथे अडकून पडते. त्यामुळे भागीदारीत सर्वांत लहान वाटा असलेल्या केनियालाच पुढे सर्वांत मोठा तोटा सोसावा लागला.

पाहुणी कोणत्या वाटेने आली

सरोवरात जलपर्णी प्रथम आढळली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस. तिचा मुख्य मार्ग होता कागेरा नदी. ही नदी रवांडा आणि बुरुंडी या देशांच्या डोंगराळ भागातून वाहत येऊन व्हिक्टोरियाला मिळते. या दोन्ही देशांना सरोवराचा काठ नाही. सरोवराच्या कोणत्याही वाटणीत त्यांचे नाव नाही. तरीही संकट त्यांच्याच पाण्यावरून तरंगत आले.

अनुकूल परिस्थितीत जलपर्णी एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचे बी तळाच्या गाळात वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते. १९९८ च्या सुमारास, म्हणजे केवळ दहा वर्षांत, तिने सरोवराचे जवळपास २०,००० हेक्टर पाणी झाकले. एवढ्या विशाल सरोवरात हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु जलपर्णी खोल पाण्यात पसरत नाही. ती आखातात, बंदरात, मासेमारीच्या धक्क्यांवर आणि गावांच्या पाणवठ्यांवर दाटते. माणसाचे सरोवराशी नाते जिथे जुळते, नेमके तेच काठ तिने बंद केले.

किसुमूच्या बंदरात बोटी अडकल्या. कोळ्यांच्या होड्या काठ सोडू शकेनात. स्त्रियांना घागरभर पाण्यासाठी हिरवा थर बाजूला सारावा लागे. थराखालील पाण्यातील प्राणवायू घटला, तर वर डास आणि रोगवाहक गोगलगाई वाढल्या. जिंजा येथील ओवेन फॉल्स जलविद्युत केंद्राच्या तोंडाशी जलपर्णीचे ढीग येऊन थडकू लागले, तेव्हा युगांडाच्या विजेचाही प्रश्न उभा राहिला.

आपापल्या काठापुरते उपाय

आरंभी प्रत्येकाने आपल्या अंगणापुरता झाडू हाती घेतला. हातांनी उपसा झाला, मग यंत्रे आली. पण जलपर्णीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि एका हेक्टरवरील हिरवा भार कित्येक शे टन भरतो. तो उचलायचा कोणी, वाहून न्यायचा कुठे? केनियात यंत्रांनी तिचे तुकडे करून ती पाण्यातच बुडवण्याचा प्रयोग झाला. त्यावर टीकाही झाली, कारण कुजणाऱ्या वनस्पतीतील पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यातच मिसळतात. शिवाय आज मोकळा केलेला धक्का उद्याच्या वाऱ्याने पुन्हा भरून जाई. ती जलपर्णी आपल्या काठाची की शेजाऱ्याची, हे ओळखण्याचा मार्ग नव्हता.

तणनाशक फवारण्याची कल्पनाही पुढे आली. तिला जोराचा विरोध झाला. हेच पाणी लोक पितात आणि याच सरोवरातील मासळी परदेशी जाते. एका काठावरच्या कृत्याची किंमत बाजारपेठेत सर्वांना मोजावी लागते, याचा अनुभव तिन्ही देशांना लवकरच आला. काही ठिकाणी विष घालून मासेमारी होत असल्याच्या बातम्यांवरून १९९९ मध्ये युरोपीय संघाने व्हिक्टोरियातील मासळीची आयात थांबवली. अपकृत्य मूठभरांचे, पण खरेदीदाराच्या दृष्टीने सरोवर एकच होते.

सीमा न जाणणारा भुंगेरा

गाजरगवतावर मेक्सिकन भुंगेरे सोडण्याचा उपाय आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. जलपर्णीचेही असेच नैसर्गिक शत्रू तिच्या मूळ प्रदेशात आहेत: पाच मिलिमीटरांच्या आसपास लांबीचे, सोंडेसारखे तोंड असलेले दोन जातींचे भुंगेरे. प्रौढ कीटक पाने कुरतडतो. अळी देठ पोखरत गाभ्यापर्यंत जाते. जखमांतून पाणी शिरते, झाड जड होते आणि हळूहळू बुडते. त्यांचा निर्वाह जलपर्णीवरच होत असल्याने पिकांना धोका नसतो, हे अनेक देशांत तपासून पाहिले गेले होते. आपल्याकडे बंगळूर येथे हे कीटक १९८० च्या दशकातच आणून त्यांचा अभ्यास झाला होता.

युगांडाने १९९५ मध्ये हे भुंगेरे व्हिक्टोरियात सोडले. १९९७ मध्ये केनिया आणि टांझानियाही त्यात सामील झाले. सोडण्याइतकेच महत्त्वाचे होते ते वाढवणे. काठावर ठिकठिकाणी पाण्याच्या टाक्या मांडून, त्यांत जलपर्णी ठेवून कीटकांची पैदास करण्यात आली. स्थानिक कोळ्यांना व गावकऱ्यांना हे काम शिकवले गेले. प्रयोगशाळेचा विषय असा गावाच्या हाती आला.

परिणाम तातडीने दिसला नाही. कीटकांची संख्या पुरेशी वाढायला दोन-तीन वर्षे जावी लागली. मग युगांडाच्या काठावरची जलपर्णी १९९८ च्या सुमारास आणि केनियाच्या आखातातील १९९९-२००० मध्ये झपाट्याने खाली बसली. याचे सारे श्रेय भुंगेऱ्यांना द्यावे की १९९७-९८ च्या एल निनोमुळे झालेल्या वादळी पावसाला व लाटांनाही, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. बहुधा पोखरलेल्या झाडांना लाटांनी मोडले, दोघांनी मिळून काम केले. एवढे मात्र खरे की, या उपायाला सीमा नव्हती. एका देशाने पोसलेला कीटक जलपर्णीवर बसून दुसऱ्या देशाच्या पाण्यात गेला आणि तिथेही आपले काम करीत राहिला.

तुटलेली भागीदारी पुन्हा जुळली

या तीन देशांचा पूर्व आफ्रिकी समुदाय १९७७ मध्ये मोडला होता. रेल्वे, विमानसेवा, टपाल या सामाईक संस्थांच्या वाटण्या होऊन मने दुरावली होती. सरोवराची वाटणी मात्र शक्य नव्हती. १९९४ मध्ये तिघांनी व्हिक्टोरियासाठी दोन करार केले: एक मत्स्यव्यवसायाच्या संयुक्त संघटनेचा आणि दुसरा सरोवराच्या पर्यावरण-व्यवस्थापन प्रकल्पाचा. जागतिक बँकेच्या साहाय्याने हा प्रकल्प १९९७ मध्ये प्रत्यक्षात आला आणि जलपर्णीचे नियंत्रण हे त्याचे एक मुख्य काम ठरले. नोव्हेंबर १९९९ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदायाचा नवा करार झाला. सरोवराच्या आपत्तीनेच तो घडवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण तुटलेले संबंध पुन्हा जोडताना सरोवराच्या कामाने एकत्र बसण्याची सवय लावली, यात शंका नाही.

२००३ मध्ये सरोवराच्या खोऱ्यासाठी स्वतंत्र करार झाला. जो पाणी दूषित करील त्याने त्याचा खर्च सोसावा, हे तत्त्व त्यात मान्य केले गेले. या खोऱ्याच्या आयोगाचे कार्यालय किसुमूला आहे. सर्वांत लहान वाटेकऱ्याच्या दारी सर्वांची पेढी. २००७ मध्ये रवांडा आणि बुरुंडी समुदायाचे सदस्य झाले आणि पर्यावरण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात त्यांनाही घेण्यात आले. ज्यांच्या नदीवाटे जलपर्णी येत होती ते अखेर बैठकीला आले. नाईलच्या पार टोकाला असलेल्या इजिप्तनेही १९९९ पासून युगांडाला जलपर्णी काढण्यासाठी निधी व यंत्रे दिली. वरच्या अंगाचे पाणी निर्मळ राहण्यात खालच्याचाही स्वार्थ असतो, हे नाईलवर जगणाऱ्या देशाला सांगावे लागले नाही.

राहून गेलेला हिशोब

इथेच गोष्ट संपती तर वाचकाला समाधान वाटले असते. पण २००६-०७ च्या अतिवृष्टीनंतर विनाम आखात पुन्हा हिरवे झाले आणि त्यानंतरही जलपर्णीच्या लाटा येतच राहिल्या. कारण उघड आहे. जलपर्णी जगते ती पाण्यातील नत्र आणि स्फुरदावर. काठावरच्या शहरांचे न शुद्ध केलेले सांडपाणी, शेतांतून वाहून येणारे खत आणि वृक्षतोडीमुळे धुपणारी माती तिला अन्न पुरवीत आहेत. शिवाय जलपर्णी बुडाली की तिच्यावर जगणारे भुंगेरेही घटतात. तळातले बी उगवले की नवे झाड वेगाने वाढते आणि कीटकांची संख्या मागे पडते. त्यांची पैदास अखंड चालू ठेवावी लागते. प्रकल्पाचा निधी आटला, लक्ष अन्यत्र गेले की टाक्या कोरड्या पडतात.

म्हणजे तीन शेजाऱ्यांनी मिळून जलपर्णी बुडवली. तिला पोसणारे पाणी मात्र अजून स्वच्छ केलेले नाही. पहिल्या कामाला मोठेपणा लागला. दुसऱ्याला रोजची शिस्त आणि रोजचा खर्च लागतो, आणि तो प्रत्येकाला आपापल्या घरापासून करावा लागतो.

हा अनुभव आपल्यापासून दूरचा नाही. पुण्यात मुळेच्या काही भागात एका काठावर एक महापालिका आहे आणि समोरच्या काठावर दुसरी. जलपर्णीला ती हद्द दिसत नाही. कोल्हापूर-इचलकरंजीच्या पंचगंगेत दाटलेली जलपर्णी प्रवाहाबरोबर नरसोबाच्या वाडीकडे जाते आणि तिथून कृष्णा पुढे कर्नाटकात शिरते. आपल्या अनेक कुटुंबांची घरे, शेती आणि उद्योग याच काठांवर आहेत. काहींचे वरच्या अंगाला, काहींचे खालच्या. ज्यांचा उद्योग नदीकाठी आहे त्यांनी आपल्या आवारातून बाहेर पडणारे पाणी एकदा स्वतः जाऊन पाहावे. कागेरेच्या काठी राहणाऱ्या माणसालाही आपल्या ओढ्यात काय वाहते आहे याची किंमत किसुमूत कोणी मोजत असेल, हे ठाऊक नव्हते.